भोंग्याचं गाणं

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईघरात तिला सगळे भोंगा म्हणत. आवाजच तसा होता. मशिनं घरघरत असली तरी त्यांच्या वरून तो ऐकू यायचा. दिवसभर चादरींच्या घड्या घालायच्या आणि घालता घालता गाणी रचायची, हा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. रविवारी सकाळी पुस्तकांच्या दुकानामागच्या खोलीत ती जुनी गिटार घेऊन बसे आणि जमतील त्या माणसांना ती गाणी ऐकवी. मात्र गाण्याआधी बजावून सांगे, "फोन खिशात. ज्याचा बाहेर दिसेल, त्याच्यासाठी मी मुकी."

हा स्वभाव बापाकडून आला होता. बाप रंगारी. परांचीवर उभा राहून भिंती रंगवताना स्वतःची गाणी गायचा. खाली रस्त्यावर एक बँडवाला रोज उभा राहून ऐकायचा, आणि बापाला वाटायचं, काय रसिक माणूस आहे! पुढे त्याच बँडवाल्याने ती गाणी स्वतःची म्हणून गावभर वाजवली. बाप पुन्हा गायला नाही. मुलीला एवढंच सांगून गेला, "जो गाणं दुसऱ्यांदा ऐकायला मागतो, त्याच्यावर नजर ठेव."

एवढं असूनही जे व्हायचं ते झालंच. एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरच्या फोनवर एक कोवळा आवाज गात होता,

"चादर झटकली, सुरकुती गेली,
झोप कुणाची कुठे सांडली?
उशीत राहिली हाक कुणाची,
घडीत घालून ठेवू कशी?"

भोंग्याच्या हातातला घास हातातच राहिला. पहिल्या दोन ओळी ती रविवारी गायली होती. पण उशीच्या ओळी? त्या अजून धुलाईघराबाहेर पडल्याच नव्हत्या. त्या ऐकल्या होत्या फक्त नाजूकाने.

नाजूका म्हणजे तिची घडीची जोडीदारीण. अंगाने दांडगी, म्हणूनच हे नाव पडलं होतं. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोन टोकं दोघींनी धरायची, ताणायची, जवळ यायचं, टोकं जुळवायची. इतकी वर्षं समोरासमोर उभं राहून दोघींनी एकमेकींच्या सासवा, नवरे आणि दाढदुखी, सगळं ऐकलं होतं.

भोंग्याच्या मनात पाल चुकचुकली. पण तिने मूग गिळले आणि सापळा लावला. दुसऱ्या दिवशी चादर ताणता ताणता तिने मुद्दाम एक खोटं कडवं म्हटलं. त्यात 'कुलपाला फुटले कान' असं काहीतरी होतं. शेंडा ना बूड, पण चाल गोड.

"हे काय गं नवीन?" नाजूकाने विचारलं. "पुन्हा म्हण ना."

झालं. बापाचे शब्द कानात वाजले. भोंग्याने पुन्हा म्हटलं, आणि आठवडा उलटायच्या आत कुलपाचे कान ड्रायव्हरच्या फोनवर गात होते.

"किती दिवस चाललंय हे?" तिने नाजूकाला सगळ्यांदेखत विचारलं. "कुणाला विकलंस मला?"

"मी?" नाजूकाने हातातली चादर सोडली. "अगं, मला फोनवर फोटो काढता येत नाही. माझं अर्धं डोकंच येतं त्यात!"

"जोडीला राहून गळा कापलास."

मुकादमाला सांगून नाजूका इस्त्रीच्या टेबलावर गेली. भोंगा हनुवटीखाली टोक दाबून एकटीच वेड्यावाकड्या घड्या घालू लागली. गाणं बंद. सफाईवाला शीळ घालत गेला तरी ती वळून बघे.

एकदा वॉर्डाची मदतनीस आली नाही, म्हणून धुतलेल्या चादरी पोचवायला भोंग्यालाच वर जावं लागलं. वॉर्डाच्या कोपऱ्यात मळके कपडे खाली धुलाईघरात टाकायची पत्र्याची रुंद नळी होती. तिच्याजवळच्या खाटेवर एक म्हातारी पडून होती.

"खालची बाई आजारी आहे का गं?" म्हातारीने विचारलं. "गात नाही हल्ली. माझी लेक इथे बसून तिची गाणी शिकायची."

भोंग्याला कळेना. तेवढ्यात त्या नळीतून एक ओळखीचा आवाज वर आला, शेजारी बसून बोलावं इतका स्पष्ट.

"बाप गेला, पण संशय हिच्या नावावर करून गेला," नाजूका कुणाला तरी सांगत होती. "'झोप सांडली' हे कुणाचं? माझं! ती म्हणत होती, 'झोप हरवली'. मी म्हटलं, हरवते कसली, सांडते. कधी नाव मागितलं मी?"

भोंगा चादरींचा गठ्ठा छातीशी धरून तशीच उभी राहिली. ते खरंच होतं. अगदी याच शब्दांत नाजूका म्हणाली होती, आणि भोंग्याने तो शब्द उचलून गाण्यात बसवला होता, साधं 'वा' न म्हणता.

म्हातारीची लेक औषधं घेऊन आली. कोवळा आवाज तिचाच. सगळं समजल्यावर ती पांढरीफटक पडली. "मला वाटलं, इथल्या बायकांचं जुनं गाणं आहे. कुणाचंच नसलेलं. म्हणून गाऊन फोनवर टाकलं."

"कुणाचंच नसलेलं गाणं नसतं, बाई."

"नाव लावते. काय लावू?"

"दोन लाव," भोंगा म्हणाली, आणि दोन्ही सांगितली.

जिना उतरून ती थेट इस्त्रीच्या टेबलाशी गेली. "चुकले मी," ती म्हणाली. "नळीतून ऐकलं सगळं. 'सांडली' तुझंच."

नाजूकाने इस्त्री उभी केली. "म्हणजे आता चोरून ऐकतेस?"

भोंगा आपल्या चादरींकडे वळली. नाजूका लगेच परतली नाही. मोठ्या चादरींचा ढीग छताला लागायला आला, मुकादम ओरडला, तेव्हा आली. दोघींनी टोकं धरली. भोंग्याने हळूच एक नवी ओळ गुणगुणली.

नाजूकाने चादर ताणून धरली आणि डोळे बारीक केले.

"आधी सांग," ती म्हणाली, "हे खरं आहे की सापळा?"

"खरं आहे."

"शप्पथ?"

"शप्पथ."

नाजूका पुढे आली, तिने टोकं जुळवली, पण आपल्या हातातली सोडली नाहीत. "बघू," ती म्हणाली. "पुन्हा म्हण."