काळीज कवटाळू नये

नोर्जमा मावशीने उलानबातरमध्ये जन्मभर ट्रॉलीबस चालवली आणि जन्मभर ती कुणावर ना कुणावर चिडलेली होती. वरच्या तारेवरून बसचा दांडा निसटला की ती हातमोजे चढवून खाली उतरे, मागचा दोर ओढून दांडा पुन्हा तारेला लावी आणि तेवढ्या वेळात मागून हॉर्न वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या खानदानाची विचारपूस करी. प्रवासी खिडकीतून कान देऊन ऐकत. हिवाळ्यात तेवढीच ऊब.

तिच्या एका रागाला मात्र कुणी हसत नसे. तो लहानपणचा होता. वसतिगृहाच्या शाळेत लस टोचायला नर्स यायची, सगळा वर्ग बाह्या वर करून रांगेत उभा राहायचा आणि एकच सुई पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत फिरायची. दोन मुलांच्या मध्ये कापसाचा एक बोळा, तोही तोच. मावशी आणि माझी आई रांगेत मागेपुढे असत. त्या सुईतून काय आलं ते दोघींना केस पांढरे झाल्यावर कळलं. विषाणू यकृतात घर करून बसला होता आणि घर आतून कुरतडत होता.

आई आधी गेली. तिला कॅन्सर होता. तिला सांगितलं होतं, पोटात अल्सर आहे. आमच्याकडे अशीच रीत आहे. डॉक्टर रोग्याला बाहेर बसवतो आणि खरं ते नातलगाला सांगतो. आई शेवटपर्यंत पुढच्या नववर्षासाठी माझा देल, आमचा लांब अंगरखा, शिवत होती. एका बाहीला अस्तर लागलं, दुसरी तशीच राहिली. आईला माती देऊन परतल्यावर मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलता आणि वर त्याला माया म्हणता! माझ्याशी कुणी असं केलं तर मी भूत होऊन त्याच्या चुलीत मुतेन." गोंबोकाकाने, तिच्या नवऱ्याने, सर्वांत आधी मान डोलावली होती.

म्हणून त्या सकाळी मला काकाचा इतका राग आला.

मावशी एमआरआयसाठी कपडे बदलायला आत गेली होती. तिच्या पित्ताशयात खडे आहेत एवढंच मला आणि तिला ठाऊक होतं. काका बाकावर टोपी चुरगाळत बसला होता. तो एकदम म्हणाला, "खडे नाहीत गं. सोनोग्राफीत यकृतावर डाग दिसलाय."

"कसला डाग?"

"तेच तर कळत नाही. तिचं यकृत आधीच सुकलेलं, त्यात साध्या गाठीही होतात म्हणे. ही साधी आहे की ती दुसरी, हे या मशीनमध्येच कळणार."

"मावशीला माहीत आहे?"

"डॉक्टरांनी मलाच सांगितलं. ती बाहेर होती."

"काका, तिला आत्ताच्या आत्ता सांग."

"मशीनमध्ये जाताना? घाबरेल ती."

"ती? तिला कधी कुणाला घाबरलेलं पाहिलंयस तू?"

तेवढ्यात मावशी निळ्या झग्यात बाहेर आली, दंडात सुई टोचलेली. "काय रे, तोंड असं का? खडे माझ्या पोटात आहेत, तुझ्या दातांत नाहीत."

तंत्रज्ञ बाई धिप्पाड होत्या आणि घाईत होत्या. आम्हाला त्यांनी काचेमागच्या खोलीत उभं राहू दिलं. मावशीच्या पोटावर त्यांनी चपटं कवच ठेवून पट्टे आवळले. मावशी अंगाने रुंद, हात बाजूला मावेनात.

"हात पोटावर घ्या, ताई."

"पोटावर? माझं कोण मेलंय म्हणून मी काळीज कवटाळू?"

बाई चपापल्या. आमच्याकडे काळीज म्हणजे यकृत, आणि सख्ख्यांना काळजाची माणसं म्हणतात. ज्याचं आपलं माणूस गेलं तोच असे दोन्ही हात पोटाशी धरून बसतो. पोरांनी सहज जरी धरले तरी मोठी माणसं फटका मारून सोडवतात.

"चुकलं, ताई. शिकवायला आलेल्या परदेशी लोकांकडून तीच सवय लागली. वर घ्या, डोक्यामागे."

"हां. आता बोललीस माणसासारखी."

पलंग आत सरकायच्या आधी मावशीने मान वळवून काचेतून आमच्याकडे पाहिलं. तिची नजर काकावर थांबली. मीही वळले. गोंबोकाका, गावाकडचा, जुन्या वळणाचा, ज्याने लहानपणी याच गोष्टीसाठी माझ्या हातांवर किती चापट्या मारल्या होत्या, तो दोन्ही हात पोटाशी घट्ट कवटाळून उभा होता. त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

मावशीने मदत बोलवायला हातात दिलेला रबरी फुगा दाबला. घंटा वाजत राहिली.

"सोडा पट्टे."

"ताई, अजून सुरूसुद्धा नाही केलं—"

"सोडा म्हणते ना!"

ती अनवाणीच काचेमागच्या खोलीत आली. "कोणासाठी रडतोयस?"

काकाने हात झटकन खाली घेतले. "कुठे काय?"

"कोण मेलं, गोंबो? मी?"

"नाही गं... अजून नक्की नाही..."

"काय नक्की नाही?"

मग त्याने सांगितलं. अडखळत, जमिनीकडे बघत. मावशी ऐकत होती आणि तिच्या मानेवरची शीर टरारून उठली होती. तंत्रज्ञ बाईंनी उगाच पडद्याकडे तोंड केलं.

"जन्मभर मी बस चालवली," मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "ब्रेक गेला तर कुणाला सांगतात रे? ड्रायव्हरला, की मागच्या सीटवर डुलक्या घेणाऱ्या म्हाताऱ्याला?"

"तुला त्रास होईल म्हणून..."

"माझ्या बहिणीलाही त्रास झाला नाही. झोपेत ढकलली तिला दरीत. आणि तेव्हा मान कोण डोलावत होतं? मेंढरा!" मग ती बाईंकडे वळली. "यात खरंच कळतं? चांगलं कुठलं, वाईट कुठलं?"

"कळतं. आधी काही फोटो घेतो, मग शिरेतून औषध सोडतो. चांगलं यकृत ते पिऊन घेतं आणि थोड्या वेळाने उजळतं. गाठ कॅन्सरची असेल तर बहुतेक वेळा उजळत नाही, काळीच राहते. पण मी सांगेन तेव्हा श्वास सोडून तसंच थांबायचं. हललात तर सगळं धूसर."

"हे आधी सांगायला तुझ्या तोंडाला काय पट्टे बांधले होते?"

ती परत गेली आणि आपण होऊन झोपली. दणदणाट सुरू झाला, कुणी पत्र्याच्या कुंपणावर दगड मारत असल्यासारखा. 'श्वास सोडा, थांबा,' बाई माइकवरून म्हणायच्या आणि पडद्यावरचं चित्र स्थिर व्हायचं. रागावलेलं माणूस इतकं निश्चल राहू शकतं हे मी त्या दिवशी पाहिलं.

दुपारी डॉक्टर हांद यांनी दार उघडलं. सवयीने त्या म्हणाल्या, "गोंबोकाका, तुम्ही जरा आत या. ताई, तुम्ही बसा बाहेर."

"उलटं," मावशी म्हणाली. "तो बाहेर. मी आत. पोरी, तू चल."

डॉक्टर क्षणभर आमच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला.

यकृत उजळलेलं होतं, हिवाळ्यातल्या टेकडीसारखं, खडबडीत पण पांढरं. कडेला एक गोल काळा ठिपका. मेंढी रात्रभर बर्फावर बसून सकाळी उठून गेली की खाली उरतो तसा.

"हा कॅन्सर आहे," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "पण लहान आहे, एकच आहे आणि कडेला आहे. बाकीचं यकृत एवढं काम करतंय की हा भाग कापता येईल. आणखी उशीर झाला असता तर मी असं म्हणाले नसते."

मावशी पडद्याजवळ सरकली. तिने बोट पांढऱ्यावर ठेवलं. "हे माझं." मग ठिपक्यावर. "आणि हे त्या सुईचं. कापा. ज्याचं त्याला परत करायला कुणी उरलं नाही, नाहीतर नेऊन दिलं असतं."

मला आईची आठवण झाली. तिच्या यकृतातला ठिपका कधी एवढाच असेल, असा कुणाला तरी दिसलाही असेल.

बाहेर काका भिंतीला टेकून उभा होता. हात पुन्हा पोटाशी. मावशीने एका फटक्यात ते खाली पाडले आणि आपला जाड कोट त्याच्या हातांत कोंबला. मग पिशवी, मग टोपी, मग गळपट्टा.

"धर हे सगळं. मोकळे राहिले की भलतीकडे जातात."

"काय म्हणाल्या डॉक्टर?" त्याने ओझ्याआडून विचारलं.

"घरी सांगते. आधी तू थोडा वेळ काही न कळता बसून बघ, कसं वाटतं ते."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिने फोन काढला. शाळेच्या त्या रांगेत तिच्या पुढे उभी राहायची त्या मैत्रिणीला लावला. घराघरांतल्या कोळशाच्या धुरात मावशी कोटाशिवाय उभी होती आणि काका तो कोट तिच्या खांद्यांवर टाकायला धडपडत होता.

"ए, जिवंत आहेस ना अजून?" मावशी फोनमध्ये ओरडली. "मग उद्या येऊन काळीज तपासून घे. आणि डॉक्टरांनी बाहेर बस म्हटलं ना, तर उठू नकोस खुर्चीवरून. ऐकतेयस? उठू नकोस!"