चाळीस दिवस सल्ला बंद

रोज सकाळी चहाआधी मी देवाकडे शहाणपण मागतो. बायबलमधल्या त्या तरुण राजाने, देवाने 'हवं ते माग' म्हटल्यावर, संपत्ती सोडून हेच मागितलं होतं, हे मला लहानपणापासून पाठ. माझी प्रार्थना ऐकली गेली आहे, याबद्दल मला शंका नव्हती. त्यामुळे चहानंतर मी ते शहाणपण वाटायला बाहेर पडत असे. रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून लोधिवलीत टेंपो कुठे लावावा, कारल्याचा वेल कसा चढवावा, कुणाच्या गुडघ्याला कोणतं तेल चोळावं, सगळं मीच सांगत होतो. न विचारता.

फक्त घरातली मुलगी माझ्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं. "जेवलात का, पप्पा?" एवढं विचारायची आणि मनातलं सगळं स्वयंपाकघरात आईला सांगायची. मी दाराशी आलो की दोघींना अचानक भाजीचा विषय सुचायचा. मला त्याचं फार वाईट वाटे, आणि कारण काही कळत नसे.

यंदा ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला. दरवर्षी मी चाळीस दिवस मटण सोडतो आणि सुकटीवर दुप्पट ताव मारतो. बायको म्हणाली, "मटण खा हवं तर. या वेळी सल्ला सोडा." प्रार्थनेला जमलेल्या मंडळींसमोर म्हणाली, त्यामुळे माघार घेता येईना. पाळकांनी तर लगेच 'आमेन' म्हटलं.

दुसऱ्या आठवड्यात शेजारचा शेतकरी राब भाजायला निघाला. भाताच्या रोपांसाठी जमिनीवर शेण, पाला, गवत पसरून पेटवतात. वारा जिकडे जातो त्या टोकाला पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते. हा गडी नेमका दुसऱ्या टोकाला काडेपेटी घेऊन उभा. माझा जीव कासावीस झाला. त्याने बिडी पेटवली, चार झुरके घेतले, मग रमतगमत बरोबर टोकाला गेला आणि आग लावली. परत येताना माझ्यापाशी थांबला.

"काका, बरं नाय का वाटत? आज काय बोलला नाय तुमी."

तो तीस वर्षं राब भाजतोय. मी एकदाही भाजलेला नाही.

पुढच्या रविवारी मी पडवीत परात घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. मुलगी येऊन समोर बसली आणि तीही सोलू लागली. बराच वेळ मी गप्पच, हे बघून तिनेच सुरुवात केली. कंपनीच्या लॅबमधली नोकरी सोडून तिला मैत्रिणीबरोबर कर्जतजवळ झाडांची नर्सरी काढायची होती. माझे सात सल्ले तिथल्या तिथे तयार झाले. तोंड बंद राहावं म्हणून मी कच्चा वाल दाढेखाली धरला. कडूजहर, पण उपयोग झाला. ती जागेबद्दल, पाण्याबद्दल, स्वतःच्या भीतीबद्दल बोलत राहिली. माझ्या सातांपैकी पाच गोष्टींचा तिने आधीच विचार केला होता. उरलेल्या दोन चुकीच्या निघाल्या.

मग शेंगांवरची नजर न काढता ती म्हणाली, "केमिस्ट्री नको, हे बारावीनंतरच सांगायचं होतं, पप्पा. सुरुवातही केली होती. तुम्ही दीड तास समजावलंत. मग मी सांगायचंच सोडून दिलं."

तो दीड तास मला चांगला आठवत होता. आपण फार छान बोललो, असाच आठवत होता. आणि त्या राजाने, नीट पाहिलं तर, ऐकणारं मन मागितलं होतं. मी इतकी वर्षं त्याचीच प्रार्थना म्हणून स्वतःसाठी जीभ मागत आलो. मला लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं, ते मी वालाच्या नावावर खपवलं.

"आता सांगा ना," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

उपवास मोडायला इतकं प्रेमाचं आमंत्रण कुणालाच मिळालं नसेल. मी तोंडातला कडू घोट गिळला.

"मला नाही गं माहीत."

तिने परात जवळ ओढली आणि मांडी घालून नीट बसली. "मग पाण्याचं पहिल्यापासून सांगते," ती म्हणाली.