तिबुर्सियोने गादी निवडली त्याची गोष्ट

तिबुर्सियो कांचे झोळीत जन्मला, लग्नाच्या रात्री झोळीतच निजला आणि पुढे सगळा जन्म झोळ्या विणून त्याने पोट भरलं. मेक्सिकोतल्या त्याच्या वायादोलिद गावात माणसं पलंगाऐवजी टांगलेल्या झोळीतच निजतात; तिथल्या कितीतरी घरांत भिंतींच्या कड्यांना त्याच्याच हातच्या झोळ्या टांगलेल्या होत्या. अशा माणसाला म्हातारपणी गादीच्या दुकानात नेणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. पण गेल्या उन्हाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली आणि झोळीतून एकट्याने उठणं सुटलं. रात्रीतून कितीदा तरी फिदेन्सिया, त्याची बायको, त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढून बाहेर काढायची आणि उजाडायच्या आत बाजारात मक्याच्या तोर्तिया थापायला जायची. तिची कंबर पार कामातून गेली होती. म्हणून ही गादी.

कान्कूनला हॉटेलात पलंग आवरणाऱ्या लेकीने फोनवर बजावलं होतं, "नुसती दाबून घेऊ नका, आई. निवांत आडवे व्हा, कुशीवर वळून बघा, कंबर खाली खचते का ते बघा. आणि बाबांचं ऐकू नकोस."

दुकानात दोघं आडवे झाले ते तिरके, झोळीत निजतात तसे. तिने एक कोपरा धरला, त्याने दुसरा. गादीवर दोघांची फुली झाली. विक्रेता उत्तरेकडून नवाच आलेला, त्याला हसू आवरेना.

"मावशी, सरळ झोपा. डोकं उशीकडे."

"सरळ उताणं आमच्यात मेलेल्यालाच ठेवतात," तिबुर्सियो म्हणाला.

मग त्याने स्वतःच दुकानातली सगळ्यात मऊ गादी हेरली. तिच्यात तो छातीपर्यंत रुतला आणि कितीतरी दिवसांनी खूश झाला. "हिला माणसाला कवेत घ्यायची अक्कल आहे. हीच घेऊ."

"घेऊ की. आधी त्यातनं उठून दाखव, नवरदेवा."

त्याला उठता येईना. फिदेन्सियाने घरच्यासारखाच गुडघा टेकवला, काखेत हात घातले आणि ओढलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. विक्रेत्याने शेजारची जरा घट्ट गादी दाखवली. तिबुर्सियोने तिच्यावर काठी आपटली.

"ही फळी आहे. मी नाही झोपायचा हिच्यावर. चल घरी."

"चल," ती म्हणाली. भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "जरा टेकते, मग जाऊ."

ती त्याच फळीवर कुशीवर कलंडली, पायात चपला तशाच. तो खुर्चीत बसून तिच्या उठण्याची वाट बघत राहिला. थोड्या वेळाने ती घोरू लागली.

तिबुर्सियो दचकला. झटका आल्यापासून त्याने हे घोरणं ऐकलं नव्हतं. वयाबरोबर थांबलं असेल, बरं झालं, असं तो धरून चालला होता. आत्ता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की ती घोरत नव्हती, कारण ती झोपतच नव्हती. तो कधी हाक मारेल म्हणून ती रात्र रात्र कान देऊन पडून असायची. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या मऊ गादीच्या हट्टाची.

विक्रेता जवळ आला. "मावशींना उठवता का? दुसरं गिऱ्हाईक आलंय."

तिबुर्सियोने काठी आडवी धरून त्याला थोपवलं. मग तो उठला, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि हळूच तिच्या शेजारी टेकला. आडवा झाला. सरळ, उताणा. छताकडे बघत थोडा वेळ पडून राहिला. मग चांगला हात गादीच्या काठावर रोवून त्याने जोर लावला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या खेपेला तो घामाघूम होऊन उठून बसला, कुणाच्याही आधाराशिवाय. मागे वळून पाहिलं, तर फिदेन्सिया घोरतच होती.

"ही बांधून दे," तो दबक्या आवाजात विक्रेत्याला म्हणाला. "पण ती उठल्यावर."