मरळीचं रिकामं पोट

पत्रक मीच लिहिलं होतं. मथळाही माझाच: ‘तळं गावाचं की एका माणसाचं?’ विरारच्या छापखान्यातून पिवळ्या कागदावर छापून आणलं आणि निर्मळपासून अर्नाळ्याच्या वाटेपर्यंत सायकलवरून वाटलं. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी बावीस वर्षांचा होतो, आणि कुणी ‘इथं जाऊ नका’ म्हटलं की मला त्या माणसात जमीनदारच दिसे.

आमच्या तळ्यावर असं म्हणणारा एक म्हातारा राखणदार होता. मिठागरात पाय नासल्यावर गावानं त्याला तळं राखायला दिलं होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की निम्मं तळं गवतानं भरून जाई. ते तो छातीभर पाण्यात उभा राहून कापायचा, आणि त्या बदल्यात तळ्यातली मासळी विकून खायचा. घरापुरता गळ टाकायला कुणालाच ना नव्हती. फक्त वैशाखात तो गवताच्या कडेला कुठंतरी एक काठी रोवी, तिला चिंधी बांधी आणि सांगे, “तितं गळ नको.” का नको, ते जुन्या माणसांना माहीत होतं. आम्ही कधी विचारलं नाही. मी पत्रकात लिहून टाकलं की चिंधीची काठी म्हणजे म्हाताऱ्याचं खासगी कोठार. मोठी मासळी तो तिथं स्वतःसाठी अडवून ठेवतो.

पत्रक वाटून झालं, पण पुरावा नव्हता. तो मिळवायला मी लाकडी मासा काढला. माझा मामेभाऊ मुंबईच्या गोदीत कामाला होता. त्याला एका खलाशानं तो दिला होता. बोटभर लांब, पोटाखाली दोन गळ, तोंडाशी पत्र्याची जीभ. दोरीनं ओढला की जिभेमुळे बुडी मारायचा आणि जिवंत असल्यासारखा अंग हलवायचा. भर दुपारी, राखणदार जेवून पडला असताना, मी आणि माझा कॉलेजातला दोस्त केळीच्या खांबांच्या तराफ्यावर बसलो. तो बांबूनं तराफा रेटत होता आणि मी मागं दोरी सोडून बसलो होतो.

“हळू रेट. मला पोहता येत नाही,” मी म्हणालो.

“आणि क्रांती करायला निघालास,” दोस्त म्हणाला.

उघड्या पाण्यात तास गेला. काही लागलं नाही. गवताजवळ गेलो की गळाला शेवाळाचा झुबका यायचा. शेवटी मी त्याला काठीकडे रेटायला सांगितलं. चिंधीच्या शेजारी पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा एक पुंजका हलत होता, बारीक बुडबुडे सोडत होता. मी तो पाहिला आणि तरी लाकडी मासा बरोबर त्यातून ओढला. दोरीला असा हिसका बसला की मी तराफ्यावर आडवा झालो. हाताएवढी मरळ. पुन्हा ओढला, तर दुसरी.

दोन्ही मरळी बांबूला टांगून आम्ही गावभर फिरवल्या. लोक बघत होते, मान हलवत होते. “हा पुरावा,” मी प्रत्येक दारात सांगत होतो.

संध्याकाळी आईनं पहिली मरळ चिरली आणि विळीवरच थांबली. “हिच्या पोटात काहीच नाही रे,” ती म्हणाली. मग दुसरी चिरली. तीही रिकामी. “कुठं धरल्यास?”

मी सांगितलं. आईनं हात धुतले. मग म्हणाली, “पिल्लं राखत होती दोघं. पिल्लं राखताना मरळ खात नाही. जवळ येईल त्याच्यावर तुटून पडते, तेवढंच. तुझा मासा तिनं खायला नाही धरला, पोरा.” तिनं कालवण केलं, पण स्वतः भाताबरोबर लोणचं घेतलं.

सकाळी मी तळ्यावर गेलो. तांबूस पुंजका फुटून विखुरला होता. बगळे काठीभोवती पाण्यात उभे होते आणि एकेक पिल्लू टिपत होते. म्हणजे काठी खरी होती. कोठार नव्हतं, पाळणा होता. पत्रकावरून रविवारी गावाची सभा ठरली होती, आणि हे मला तिच्या आधी तीन दिवस माहीत होतं. कुणी फसवलं मला, असं म्हणायची सोय नाही.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर तळ्याकाठच्या चिंचेखाली गाव जमलं. माझं पत्रक मोठ्यानं वाचलं गेलं. तळं राखणदाराकडून काढून घ्यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. म्हाताऱ्यानं भांडण केलं नाही. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “बाबा, तुज्या आयनं मासा चिरला ना? पोटात काय निगालं, तेवडं सांग. मग पानी सोडून जातो मी.”

सगळे माझ्याकडे बघत होते. बायकांच्या घोळक्यात आई उभी होती. मी दोन वर्षं ओसरी-ओसरीवर सत्य सांगत हिंडत होतो, अशी माझी समजूत होती. मी म्हणालो, “मी पाहिलं नाही.”

तळं काढून घ्यायला हात वर झाले. म्हाताऱ्यानं गवत कापायचा कोयता चिंचेच्या बुंध्याशी ठेवला आणि गेला. आईनं सभेत तोंड उघडलं नाही. घरीही त्यावर एक शब्द नाही. मला वाटतं, मी बोलेन म्हणून ती थांबली होती.

आठवड्यानं मी त्याच्या झोपडीवर गेलो. तो अर्नाळ्याला मुलीकडे जायला भांडी बांधत होता. मी म्हणालो, “काका, पोट रिकामं होतं.”

“मला म्हाईत आहे,” तो म्हणाला. “मला कशाला सांगतोस? मला वाचता येत नाही. ज्यांना वाचून दाखवलंस त्यांना सांग.”

त्यानंतर मी दुसरं पत्रक तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा तिसऱ्या ओळीपर्यंत मी पंचायतीवर घसरलो, बागवाल्या जमीनदारांवर घसरलो, अज्ञानावर घसरलो. दोष वाटून द्यायचा मला सराव आहे. राखणदार आता अर्नाळ्याच्या वाळूत जावयाची सुकत घातलेली मासळी उलटीपालटी करत बसतो. तळ्यातलं गवत दोन उन्हाळे कुणी कापलेलं नाही. गावानं हात वर केले ते माझ्या शब्दावर. दोन्ही मरळींची पोटं रिकामी होती. मी पाहिलं होतं. आईच्या विळीशेजारी बसून पाहिलं होतं.