भावाच्या नावची साखर

आई गेल्यावर धाकट्या भावाला मी सांगवीहून इंदापूरला माझ्याकडे आणलं. तो बेचाळीस वर्षांचा आहे, समज पाच-सहा वर्षांच्या पोराएवढी. आंघोळ घालावी लागते, चप्पल कोणत्या पायात ते सांगावं लागतं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग सून त्याला सगळ्यांच्या शेवटी वाढू लागली. मी तिला बोलले नाही. दरमहा चार पैसे आणणाऱ्या माणसाला घरात वेळेवर ताट मिळतं, हे मी शिलाई मशीनवर बसून शिकलेय. म्हणून ठरवलं, निराधार योजनेच्या महिन्याच्या पेन्शनला तो बसतो का ते बघायचं.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला डॉक्टर रजेवर होते. मग रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात नाव. अर्जात एक रकाना होता: अर्जदाराच्या नावे शेतजमीन आहे का? मी ‘नाही’ लिहिलं. विसरून नाही, समजून.

वडिलांनी सांगवीचे तीस गुंठे त्याच्या नावावर केले होते, तेही त्याच्या काळजीने नव्हे. ज्याच्या नावावर सातबारा, तो साखर कारखान्याचा सभासद होऊ शकतो, आणि सभासदाला दिवाळीला स्वस्तात साखर मिळते. आमच्याकडे घरोघरी हेच करतात. सून, म्हातारी, जो नाही म्हणणार नाही त्याचं नाव लावतात. माहेरच्या घरात बारावी झालेली मी एकटी, म्हणून सभासदत्वाचा फॉर्म मी भरला. त्याचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला तोही मीच. निम्मी साखर दरवर्षी माझ्या घरी यायची. पोतं आलं की आई त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, “तुझ्या उसाची साखर हाय बघ.” ऊस मोठा भाऊ लावायचा आणि कारखान्याचं बिलही तोच उचलायचा. धाकट्याच्या वाट्याला ते वाक्य आलं.

तहसील कचेरीत खिडकीतल्या बाईंनी फाइल चाळली. “कागद नीट लावलेत ताई. असं कुणी आणत न्हाय.” मग सहज भावाकडे बघून त्यांनी विचारलं, “काय भाऊ, काय करता तुमी?”

“माझा ऊस हाय,” तो म्हणाला.

“व्हय? कुठं?”

“सांगवीला. साखर बी माझीच. अक्का निम्मी नेती.”

रांगेतला एकजण हसला. “बागायतदार हाय की गडी. हितं कशाला उभा राहिलाय, पाव्हणं?” भावालाही हसू आलं. कोणीही हसलं की तो हसतो.

बाई हसल्या नाहीत. रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “ताई, तुमी तर ‘न्हाय’ लिहिलंय.”

“त्याला कळत नाही हो. दाखल्यावर आहे बघा.”

“ऊस कुणाचा ते बरोबर कळतंय. सातबारा काढून आणा.”

सातबारा हल्ली कुठूनही निघतो. समोरच्या दुकानात पाच मिनिटांत निघाला. नाव त्याचं, पीक ऊस. बाईंनी बघितला पण खोटं लिहिल्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ते मला जास्त लागलं. “उसाचं उत्पन्न धरलं की मर्यादेच्या वर जातंय. अपात्रच येणार. जमीन नावावरनं कमी झाली तर बघा.”

मी मोठ्या भावाला फोन करून बाईंचं म्हणणं सांगितलं. दोन वर्षांत तो एकदाही धाकट्याला बघायला आला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मोटारसायकल दारात होती.

“बक्षीसपत्र करू,” चहा यायच्या आत तो म्हणाला. “जमीन माझ्या नावावर, पेन्शन त्याच्या. दोघांचं बी भागलं.”

“दादा, त्याला समज नाही असा दाखला आहे. कायद्यात कसं बसेल?”

“अंगठा लागतोय, समज कोण बघतंय? कारखान्याच्या फॉर्मावर तू न्हाईस का घेतला?”

धाकटा समोर बसून बिस्कीट चहात बुडवत होता. ते तुटून कपात पडलं, तसा तो बोटाने काढू लागला. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

“नको,” मी म्हणाले.

“मग पोस एकटी,” म्हणून दादा उठला. चहा तसाच राहिला.

यात माझा मोठेपणा काही नाही. दादाने त्याला पोसलं नाही, आणि नुसत्या पेन्शनवरही तो जन्मभर पोसला गेला नसता. मला बावन्नावं चालू आहे, साखर वाढते म्हणून रोज गोळी घेते. माझ्यानंतर त्याला माझ्या पोरांच्या दारात राहायचं आहे. तेव्हा कोणी माणसाकडे बघून ठेवणार नाही. तीस गुंठ्यांकडे बघून कदाचित ठेवतील. तेवढ्यासाठी ते त्याच्या नावावर राहू दिले.

अर्ज ‘अपात्र’ म्हणून परत आला. तो मी सातबाऱ्याला टाचून कपाटात ठेवला. सून अजूनही त्याला शेवटीच वाढते. आता घरचे सगळे जेवायला बसले तरी मी थांबते आणि त्याच्याबरोबर बसते. भाजी कमी उरलेली असते.