शेळी सापडली

माझी मुलगी आयुष्यात एकदाच वाचनाच्या परीक्षेत उत्तम पास झाली, आणि त्याबद्दल तिच्या आईनं माझ्याशी तीन आठवडे बोलणं टाकलं.

मुलगी जुई, दहावीत. आई वैशाली. आणि मी, सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीत लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारा माणूस. (सोसायटीच्या नोटिशीतल्या चुकाही मी लाल पेनानं दुरुस्त करतो. कुणी न सांगता!) इतकी वर्षं चुका शोधतोय, पण जुईला अक्षरं धड वाचता येत नाहीत, हे काही मला सापडलं नाही. वैशालीला ते जुई दुसरीत असतानाच सापडलं होतं.

"अरे, ऐकलेलं सगळं तिच्या लक्षात राहतं. वाचायला दिलं की घाम फुटतो. एकदा तपासून घेऊ या."

"काही गरज नाही. आळस आहे नुसता. आमच्या घराण्यात सगळे वाचणारे!"

हे आठ वर्षं चाललं. शाळेत वैशाली भांडायची, बाई म्हणायच्या, "मुलगी प्रयत्नच करत नाही हो," आणि मी शेजारी बसून मान डोलवायचो. बाईंच्या बाजूनं!

नववीच्या इतिहासाच्या पेपरात जुईनं साडेतीन ओळी लिहिल्या. घरी येऊन तोच पेपर तिनं आईला सगळा तोंडी सांगितला, तहाच्या कलमांसकट. तेव्हा कुठे मी गप्प बसलो. बोर्डाच्या परीक्षेला तिला जास्त वेळ आणि लेखनिक मिळू शकत होता, पण त्यासाठी सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट हवं होतं, आणि ते शनिवारपर्यंत शाळेत पोचायला हवं होतं. वैशालीनं खेटे घालून गुरुवारची तारीख मिळवली आणि मला बजावलं, "तू फक्त सोबत ये. सही कर. बोलू नकोस. काही करू नकोस."

आता काही न करणं हे मला कुठलं जमायला? ऑफिसातल्या एका मित्राच्या मुलाची तपासणी त्याच दवाखान्यात झाली होती. तो म्हणाला, "टेन्शन कसलं घेतोस? वाचायला एकच पान असतं. हरवलेल्या शेळीची इंग्लिश गोष्ट. ते पुस्तक आहे आमच्याकडे, पाठवू?"

परीक्षेत काय येणार हे कळलं! मग पुढे विचार करायला मी काय वेडा आहे? रोज सकाळी जुईला गाडीतून शाळेत सोडताना मी तिच्याकडून शेळी घोकून घेऊ लागलो. (सर्जापूर रोडच्या एका सिग्नलला गोष्ट सहा वेळा म्हणून होते.) कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, बोट कुठल्या ओळीवर ठेवायचं, सगळं बसवलं.

"बाबा, आईला सांगू?"

"नको. सरप्राइज!"

वाचता येत नाही हे दाखवायला निघालेल्या पोरीला बाप वाचनाची तयारी का करून घेतोय, हा प्रश्न आत्ता तुम्हाला पडला असेल. मला पडला नाही. परक्या माणसासमोर माझी मुलगी अडखळू नये, एवढंच डोक्यात होतं. (खरं तर माझी मान खाली जाऊ नये, एवढंच.)

गुरुवारी डॉक्टरांच्या खोलीत शिरताना मी आणि वैशाली फाइलवरून हुज्जत घालत होतो. डॉक्टरबाई हसल्या आणि कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "तुमी मराठीच की! आमी पण. तीन पिढ्या हितंच, बनशंकरीला. कूत्कोळ्ळी, बसा. हं, हे वाच बघू, पुट्टी."

जुईनं पान घेतलं. बोट ठेवलं. आणि सुरू झाली! एक शब्द चुकला नाही. शेळी हरवली तिथं आवाज कापरा, सापडली तिथं मोठ्ठं हसू. संपवून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

"छान वाचते की हो!" डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "मग सर्टिफिकेट कशाला?"

"थँक यू, मॅडम!" मी म्हणालो. (हो. मी थँक यू म्हणालो.)

वैशाली माझ्याकडे वळली. लग्नाला वीस वर्षं झाली, ही नजर मी पाहिली नव्हती.

"स्वल्प थांबा." डॉक्टरबाईंनी पान उचलून उजेडात धरलं. "हे खालनं फाटलंय. शेवटच्या दोन ओळी नाहीतच की हितं. शेळी सापडली, हे तू कुठं वाचलंस गं?"



"मॅडम, ते... आम्ही जरा तयारी..."

"तयारी? नापास व्हायला आणलंत, आणि तयारी करून आणलंत?" त्यांनी फाइल मिटली. "पाठ करून आलेलं मूल मी कसं तपासू? चार महिन्यांनी या."

चार महिन्यांनी परीक्षा संपून गेलेली असणार. वैशालीला रडू फुटलं. मी तोंड उघडलं, तर शब्दच येईना. आठ वर्षं जुईचं काय होत असेल, ते मला तेव्हा कळलं.

बोलली जुईच. "मॅडम, दुसरं पान द्या ना. ते मला येत नाही."

"मग हे पाठ कशाला केलंस, पुट्टी?"

"मी वाचलं की बाबांना बरं वाटतं."

डॉक्टरबाईंनी दुसरं पान दिलं. चार ओळी. जुई अक्षर अक्षर लावत गेली, अडली, मागे आली, तळहात कुर्त्याला पुसले, पुन्हा सुरू झाली. सात मिनिटं. "अगं, नीट बघ" असं मध्येच न म्हणता तिचं वाचन मी पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं.

अशा मुलांच्या आईबापांनो, वैशालीसारखं भांडा. शाळेत, दवाखान्यात, नातेवाइकांत स्वच्छ सांगा, हिला हे जमत नाही, म्हणून हिला हे द्या. तुम्हाला हट्टी म्हणतील, म्हणू द्या. लाज वाटली तर ती घरी ठेवून जा. मी ती सोबत नेली होती, पोरीकडून पाठ करून घेऊन.

"देते सर्टिफिकेट," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा फॉर्म भरा."

त्यात प्रश्न होता: मुलाची अडचण पालकांच्या प्रथम कधी लक्षात आली? मी पेन काढलं. वैशालीनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि लिहिलं: 'आईच्या, दुसरीत. वडिलांच्या, आज पावणेबाराला.'

खरं तर माझ्या लक्षात आलं तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.