रोहीच्या मागे कोण आहे

गोळी कागदाच्या गठ्ठ्यातून आरपार गेली होती, आणि आम्ही तिघं मागच्या मातीत ती शोधत होतो. मी फावड्यानं, रणजित बुटाच्या टोकानं आणि वनाधिकारी साहेब नुसत्या नजरेनं. ती काही सापडली नाही. साहेब म्हणाले, "नेमकी लागली ना? मग झालं की. आता तिचं लोणचं घालायचंय का?"

मी पोलीस खात्यात आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे बंदुकांचा वैद्य. निवृत्त झाल्यावर घरच्यांना वाटलं, आता तरी ह्या माणसाच्या हाताचा तेलाचा वास जाईल. पण अशी कामं येत राहतात. ह्या वेळचं काम पाचोडकडचं होतं. तिथं रोह्यांनी, म्हणजे शहरातले लोक ज्यांना नीलगाय म्हणतात त्यांनी, हरभऱ्याची शेतंच्या शेतं तुडवून ठेवली होती. शेतकऱ्यांनी अर्ज केले, वनखात्यानं काही रोही मारायची परवानगी दिली. मारणार होता रणजित. शहरात नोकरी, नेमबाजीत नाव, आणि पाचोडला घरचीच जमीन. किती अंतरावरून गोळी झाडायची, एवढीच अट लिहायची राहिली होती. त्यावर माझं मत हवं होतं.

रणजितचं म्हणणं सरळ होतं. रोही जवळ येऊ देत नाही, तेव्हा लांबूनच मारायचा. त्याच्याकडे थर्टी-ओ-सिक्स रायफल होती, तिच्यावर भारी स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण होती आणि मोठ्या जनावरांसाठी बनवलेल्या कडक गोळ्या होत्या. मी माझ्या ओळखीची जुनी थ्री-फिफ्टीन रायफल आणि तिच्या मऊ टोकाच्या गोळ्या आणल्या. जुनी वर्तमानपत्रं रात्रभर भिजत घालून त्यांचे गठ्ठे बांधले. ओला कागद जनावराच्या अंगासारखा अडवतो, असं नाही. पण दोन गोळ्यांची तुलना करायला बरा पडतो.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. गोळी अंगात शिरली की तिचं टोक कापसाच्या बोंडासारखं उमलायला लागतं. उमलली की ती आपला सगळा जोर आतच टाकते आणि जनावर लवकर पडतं. पण उमलायला वेग लागतो, आणि अंतर वाढलं की वेग मरतो. मग तीच गोळी सुईसारखी पलीकडे निघते. जनावर पळतं, कुठंतरी लांब जाऊन दोन दिवसांनी मरतं. आणि गोळी पुढं जातच राहते.

जवळून माझी मऊ गोळी गठ्ठ्यातच उमलून बसली. रणजितची उमलली, पण बाहेर पडली. तीनशे मीटरवरून माझी गोळी इतकी खाली आली की गठ्ठ्याच्या तळाला जेमतेम चाटली. त्याची मात्र बरोबर मधोमध बसली. साहेबांनी टाळी वाजवली. मी गठ्ठा उलटा करून दाखवला. मागचं भोक पुढच्याएवढंच होतं. म्हणजे ती उमललीच नव्हती.

"काका, तुमची गोळी तर तिथवर पोचतही नाय," रणजित म्हणाला. चेष्टेत म्हणाला, पण मला झोंबलं. कारण ते खरं होतं.

साहेबांना वादात रस नव्हता. वरून फोन येत होते, शेतकरी रोज ऑफिसात येऊन बसत होते. त्यांनी मला तीनशे मीटर लिहून सही करायला सांगितलं. रोही उभे राहतात त्याच्या मागे काय आहे, असं मी विचारलं तर त्यांनी नकाशा पसरला आणि पडीक रानावर बोट ठेवलं. मी म्हणालो, उंटावरून शेळ्या हाकण्यात मला भाग घ्यायचा नाही. जागा बघितल्याशिवाय सही नाही. साहेब चिडले. मग म्हणाले, जा, पहिला रोही तुमच्यासमोरच पडू द्या आणि मग लिहा.

पहाटे मी आणि रणजित शहरातून थेट रानात गेलो. तो घरीही थांबला नाही. बांधावरच्या लिंबावर मचाण होतं. सपाट काळं रान, त्यावर धुई पसरलेली. उजाडता उजाडता तीनशेक मीटरवर एक रोही दिसला. नर होता, आडवा उभा, अंगानं चांगला घोड्याएवढा. रणजितनं स्कोपला डोळा लावला, श्वास सोडला आणि हळूच म्हणाला, "मिळाला, काका."

मला त्या क्षणी काही दिसलं होतं असं नाही. उगाच शहाणपणा कशाला सांगू? फक्त सवय होती. गोळीबाराच्या रेंजवर आयुष्य गेलं, त्यात एकच गोष्ट अंगात मुरली: निशाण्याच्या मागे बघायचं. मी म्हणालो, "झूम कमी कर."

"कशाला? जाईल तो."

"जाऊ दे. कमी कर आधी."

झूम वाढवला की जनावर मोठं दिसतं आणि त्याच्याभोवतीचं जग नाहीसं होतं. त्यानं वैतागून रिंग फिरवली. त्याचं बोट ट्रिगरवरून निघालं, रायफलीचा बोल्ट मागे आला, न झाडलेलं काडतूस फळीवर पडलं. मी दुर्बीण लावली. रोहीच्या मागे, जमीन जिथं जरा खोल होती, तिथं मेंढरांभोवती लावतात ती जाळी होती. आत काळी मेंढरं काळ्या मातीवर बसलेली. जाळीच्या ह्या अंगाला एक बाई तीन दगडांच्या चुलीवर वाकून फुंकर घालत होती. रोही, चूल आणि आमची रायफल एका रेषेत होती.

आम्ही खाली उतरून चालत तिथवर गेलो. बाईचं नाव ठकूबाई. नवरा म्हाळू कोकरं मोजत होता. रणजितला बघून ती उठली.

"कधी आलात इथं?" त्यानं विचारलं.

"काल दिवस बुडताना. तुमच्या आईनंच सांगावा धाडला. म्हन्ल्या, ह्या वावरात खत नाय, दोन राती मेंढरं बसवा." मग त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "काय झालं, दादा? जागा चुकली का आमची?"

"नाय," तो म्हणाला. "तुमची नाय चुकली."

आमच्याकडे ही रीत जुनी आहे. धनगर आज ह्या वावरात मेंढरं बसवतात, परवा त्या. शेताला खत मिळतं, त्यांना धान्य. ज्या शेतकऱ्यांना रोही मारून हवे होते, तेच मेंढरं बोलावत होते. साहेबांचा नकाशा खोटा नव्हता. नकाशातलं रान रात्रीतून वस्ती होतं, एवढंच. ठकूबाईनं आम्हाला कोरा चहा दिला. रणजितनं कप दोन्ही हातांनी धरला. तिला आम्ही काही सांगितलं नाही.

मी रिपोर्टात लिहिलं: अंतर शंभर मीटरच्या आत, गोळी मऊ टोकाची, मचाण उंच, म्हणजे चुकली तरी मातीत जाईल. आणि आदल्या संध्याकाळी मेंढरं कुठं बसलीत ते गावात विचारल्याशिवाय मचाणावर चढायचं नाही. ही शेवटची अट कुठल्या नियमात बसते, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, कुठल्याच नाही. त्यांनी ती खोडायला पेन उचललं. रणजित म्हणाला, "साहेब, ती राहू द्या. माझं वावर होतं ते." त्यांनी पेन ठेवलं.

काम रेंगाळलं. कित्येक सकाळी रिकाम्या गेल्या, शेतकऱ्यांनी मला शिव्या घातल्या आणि सगळे रोही काही पडले नाहीत. जे पडले ते जागीच पडले. त्या रानात गोळी खाऊन पळालेल्या एकाही जनावराबद्दल मी ऐकलं नाही.

नवे नेमबाज मला अजून विचारतात, लांबवर कोणती गोळी चांगली. मी म्हणतो, ते नंतर बघू. आधी घरी फोन लाव आणि आईला विचार, मेंढरं कुठं बसवलीत.